गिटारचा आवाज स्पीकरमधून आला की त्यातलं लाकूड कुठे जातं?

सहातारा

नमस्कार मंडळी,

परवाच्या कार्यक्रमापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून लिहितेय. जरा लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय तुम्हाला तरी काय सांगता येणार?

माझी गिटार अकूस्टिक आहे, वरची फळी सीडरची, अंगाने मध्यम. नऊ वर्षं हातात आहे. मी प्लेक्ट्रम वापरत नाही, अंगठ्याचं पेर आणि बाकीच्या बोटांची नखं यांवर वाजवते. मैत्रीण गाते, मी साथ करते. निम्म्याहून जास्त गाण्यांना खालची जाड तार ई वरून डी वर उतरवलेली असते. खोलीत बसून ती तार मोकळी सोडली की आवाज आधी पोटाला लागतो आणि मग कानाला. वरच्या तारांवर नखाचं अगदी बारीक टोक ऐकू येतं, पण ते टोचत नाही. हा आवाज मला पाठ आहे.

इतके दिवस समोर एक माईक उभा करून भागत होतं. ऐकणारे वाढले, स्पीकर मोठे झाले आणि माईक शिट्ट्या मारायला लागला. म्हणून सॅडलखाली, म्हणजे पेटीवर तारा ज्या हाडाच्या तुकड्यावर टेकतात त्याच्याखाली, पिझोची पट्टी बसवून घेतली, म्हणजे कंपनाचं विजेत रूपांतर करणारा पिकअप. साधी पट्टी आहे, बॅटरी नाही, आत प्रीअँप (बारीक संकेत मिक्सरआधीच बळकट करणारं छोटं यंत्र) नाही, खाली पट्ट्याच्या बटणाच्या जागी जॅक. परवा दहा मीटरची केबल घेतली आणि सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसली.

जे ऐकू आलं ते माझं वाद्य नव्हतंच. पातळ, कडकडीत, खोक्यावर रबर ताणून छेडावं तसं. खालची डी जवळपास गायब. गेन वाढवला तर मागून सूं सूं. बेस वाढवला तर थोडा वेळ काहीच नाही आणि मग एकदम घुमायलाच लागलं. शिवाय दुसरी तार, म्हणजे बी, बाकीच्यांपेक्षा दबलेली. धुनेत ती तार आली की सूर मध्येच गिळल्यासारखा वाटत होता. कार्यक्रमानंतर नेहमी येणाऱ्या एक बाई भेटल्या आणि आपुलकीने म्हणाल्या, "आज दुसरी गिटार आणली होती का?" ते फार लागलं मनाला.

ओळखीतले सगळे म्हणतात पिकअप बदल. कोणी चुंबकाचा घे म्हणतं, कोणी आत माईक असलेला. बदलायला माझी हरकत नाही, पण वाद्याला पुन्हा भोकं पाडायची नाहीत. नक्की चुकतंय कुठे ते आधी समजून घ्यायचंय.

मंद्र

पिकअपला दोष देण्याआधी थांबा. मिक्सरवर त्या इनपुटपाशी "हाय-झी" किंवा "इन्स्ट्रुमेंट" असं बटण होतं का?

सहातारा

नाही. फक्त "लाइन" लिहिलेलं आहे. पुस्तिका काढून बघितली, इनपुट इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) १० किलोओहम असं छापलंय.

मंद्र

मग तुमची खालची डी तिथेच गेली. नीट सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

पिझोवर दाब पडला की त्यात विद्युतभार तयार होतो. हा गुण १८८० मध्ये क्यूरी बंधूंनी स्फटिकांमध्ये दाखवला होता. तुमच्या पट्टीत तेच घडतं: तार कंप पावते, सॅडल पट्टीला दाबतं-सोडतं, भार बनतो. पण विजेच्या नजरेने बघितलं तर ही पट्टी म्हणजे एक चिमुकला कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा भाग, आहे. हिशेबापुरती तिची क्षमता ५०० पिकोफॅरड धरू. कपॅसिटरपुढे रोधक आला की तो खालचे सूर कापतो. कुठून कापायला लागतो ते त्या रोधकाच्या किमतीवर ठरतं, आणि इथे तो रोधक म्हणजे तुमच्या मिक्सरचं इनपुट.

१० किलोओहमला ही सीमा येते साधारण ३२,००० हर्ट्झवर. म्हणजे माणसाला ऐकू येतं ते सगळंच सीमेच्या खाली, आणि तिथून दर सप्तक खाली उतरताना आवाज ६ डेसिबलने घटत जातो. तुमची उतरवलेली डी ७३ हर्ट्झची. ती त्या उताराच्या पार तळाशी. वर राहतो तो फक्त नखाचा खडखडाट. खोक्यावरचं रबर म्हणालात ना, ते हेच.

हीच पट्टी १ मेगाओहमच्या इनपुटला लावली तर सीमा सुमारे ३२० हर्ट्झवर येते. बरं वाटेल, पण खर्ज अजून बारीकच. १० मेगाओहमला ती ३२ हर्ट्झवर जाते आणि मग तुमची डी पूर्ण मिळते. पट्टीसाठी प्रीअँप घेताना म्हणून मी आधी हा एक आकडा बघतो, बाकीची बटणं नंतर.

आता केबल. गिटारच्या केबलची क्षमता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. दहा मीटर म्हणजे १,००० पिकोफॅरड, तुमच्या पट्टीच्या दुप्पट. चुंबकाच्या पिकअपला लांब केबल लावली तर वरचे सूर मरतात. पिझोचं तसं नाही, त्याचा अख्खा आवाजच वाटला जातो. उंच इम्पिडन्सच्या इनपुटलाही एवढ्या केबलमधून एक तृतीयांशच पोचतो. मग गेन चढवावा लागतो आणि सूं सूं येते. तेव्हा प्रीअँप मिक्सरपाशी ठेवायचा नाही, गिटारपाशी ठेवायचा. एक-दीड मीटरची केबल, कमरेला किंवा पायाशी प्रीअँप, तिथून पुढे हवी तितकी लांब वायर.

गुंजन

एवढं कशाला? एक डीआय बॉक्स (वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावा, काम झालं.

मंद्र

गुंजन, कुठला डीआय? ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह डीआयचं इनपुट साधारण १००-१५० किलोओहमचं असतं. आत प्रीअँप असलेल्या गिटारला तो उत्तम चालतो, सहातारांच्या उघड्या पट्टीला नाही. अ‍ॅक्टिव्ह डीआय बहुतेक १ मेगाओहमचे असतात, म्हणजे वर लिहिलेला मधला प्रकार. आधी प्रीअँप आणि त्याच्यापुढे डीआय, किंवा डीआयचं आउटपुट असलेला प्रीअँप, असं असेल तर माझी काहीच तक्रार नाही.

आणि सहातारा, चुंबकाचा पिकअप सुचवणाऱ्यांना एवढंच विचारा: त्याला ब्राँझ ऐकू येतं का? येत नाही. जाड तारांवरचं ब्राँझचं वेटोळं चुंबकाच्या लेखी नाहीच, तो फक्त आतल्या पोलादी गाभ्याला ओळखतो. वरच्या दोन तारा मात्र नुसत्या पोलादाच्या, म्हणून त्या उसळून बाहेर येतात. चांगल्या पिकअपमध्ये तारांखालचे चुंबकाचे खांब वरखाली करून हे सावरतात, आवाज गोडही लागतो, पण तुम्ही ज्या लाकडाबद्दल बोलताय ते त्यात कमीच येतं.

लाकूडकाम

बी तारेबद्दल मी लिहितो, तो माझा रोजचा विषय आहे.

एकच तार दबलेली असेल तर बहुधा इलेक्ट्रॉनिक्सकडे बघायचंच नाही. सॅडलचा तळ नाहीतर ते बसतं त्या खाचेचा तळ सपाट नाही. हाडाचं सॅडल पट्टीवर सगळीकडे सारखं टेकलं पाहिजे. बी च्या खाली केसाएवढी फट असली तरी तिथला दाब पट्टीपर्यंत पोचत नाही.

तारा सैल करा, सॅडल बोटांनी उचलून बघा. पक्कड लागली तर ते खाचेत आवळून बसलंय. खाचेच्या भिंतींनीच धरून ठेवलं तर ते पट्टीला दाबणार कसं? बोटांनी वरखाली सरकलं पाहिजे, पण पुढेमागे डुलता कामा नये. मग सॅडलच्या तळाला शिसपेन्सिल फासा. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्यावर सॅडल उभं धरून दोन-चार वेळा हलक्या हाताने फिरवा. शिसं जिथे तसंच राहील तिथे खड्डा. सगळं शिसं एकसारखं जाईपर्यंत घासा, पण कोन ढळू देऊ नका. हात स्थिर नसेल तर लाकडाच्या चौकोनी ठोकळ्याला टेकवून घासा. थोडं घासा, बसवा, ऐका, परत घासा. एकदम जास्त गेलं तर तारा खाली येऊन पडद्यांवर फरफरतील.

सॅडल सपाट करूनही बी तशीच राहिली तर खाचेचा तळ बघावा लागेल. ते काम मात्र घरी करू नका.

फेडरवाला

मी मिक्सरच्या मागे बसणारा. मंद्र आणि लाकूडकाम यांना +१. त्यांचं आधी करा, कारण जे सूर केबलमधून आलेच नाहीत ते मला इक्यूने (खालचे-मधले-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणाऱ्या बटणांनी) आणता येत नाहीत. तुमच्याकडे बेस वाढवल्यावर नेमकं तेच झालं: नसलेला खर्ज ओढायला गेलात आणि गिटारचं पोट घुमायला लागलं.

त्या घुमण्याबद्दल. स्पीकरचा आवाज गिटारच्या फळीवर आदळतो, फळी थरथरते, पट्टी ते पकडते, परत स्पीकर. हे प्रत्येक सुरावर होत नाही. गिटारच्या आतल्या हवेला स्वतःचा एक सूर असतो, मोठ्या बॉडीत तो १०० हर्ट्झच्या आसपास, लहान बॉडीत थोडा वर. फळीचा मुख्य सूर त्याच्यावर, साधारण २०० च्या जवळपास, म्हणजे मोकळ्या जी तारेच्या शेजारी. तुमच्या गिटारचे नेमके सूर शोधायला यंत्र लागत नाही. तारा हाताने बंद करा, साउंडहोलशी (फळीवरच्या गोल भोकाशी) तोंड नेऊन "ऊऽऽ" करत खालून वर हळूहळू सरका. एका ठिकाणी अख्खी पेटी उत्तर देते, छातीला जाणवतं. तो सूर ट्यूनरवर बघून लिहून ठेवा. मिक्सरवर किंवा प्रीअँपवर नॉच (एकाच सुराभोवतीचा आवाज कापणारा फिल्टर) असेल तर तो तिथे लावायचा, अरुंद, ४ ते ६ डेसिबल. रबराची झाकणी साउंडहोलला बसवली तर हवेचा सूर आणखी दबतो. फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटवायचं बटण असेल तर दोन्हीकडे करून बघा, एकीकडे घुमणं नक्की उशिरा सुरू होतं. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) गिटारच्या तोंडासमोर नको.

आता इक्यू. वाढवण्याआधी कापा. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. मग पिझोचा तो "क्वॅक", बदकासारखा आवाज. तो बहुतेक वेळा १.५ ते ३ किलोहर्ट्झमध्ये बसलेला असतो. मधल्या बँडला अरुंद करून मुद्दाम ८-१० डेसिबल चढवा, आवाज कमी ठेवून हळूहळू सरकवत न्या. जिथे कानाला सगळ्यात वाईट लागेल तिथे थांबा, आता तिथेच ३-४ डेसिबल कापा. डोळ्यांनी आकडा बघून कापू नका, प्रत्येक गिटारचा वेगळा असतो. अगदी वर, १० किलोहर्ट्झच्या पुढे किंचित वाढवलं तर आवाज मोकळा वाटतो. किंचितच.

घरी मंद आवाजात लावलेलं इक्यू मंचावर तसंच ठेवू नका. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलेली ही गोष्ट आहे. म्हणून घरी माणूस बेस चढवतो आणि मोठ्या स्पीकरवर तोच बेस चिखल होतो.

सहातारा

फेडरवाला, ८० ला कापलं तर माझी ७३ ची डी?

फेडरवाला

बरोबर पकडलंत, चूक माझी. तुम्ही डी वर उतरवता हे वाचूनही सवयीने ८० लिहिलं. तुमच्यासाठी ६०. ई वरच वाजवणाऱ्यांना (८२ हर्ट्झ) ८० चालतं.

पेटीपलीकडे

सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्न लाकूड कुठे जातं हा होता. त्यावर लिहितो.

समोर बसलेल्याला तार ऐकू येत नाही. तारेने फळी हलवली, फळीने हवा हलवली, पेटीतली हवा त्यात मिसळली, हे सगळं होऊन जे तीन-चार पावलं पुढे पोचतं त्याला आपण गिटारचा आवाज म्हणतो. फळी काही सूर फुलवते, काही गिळते. सॅडलखालची पट्टी या सगळ्याच्या आधी बसलेली आहे. तिला तारेचा धक्का जसाच्या तसा मिळतो, फळीने त्याला दिलेला आकार फार कमी मिळतो. इक्यूने तो आकार जाडसर हाताने परत काढता येतो. बारकाईने काढायचा तर दोन वाटा मला माहीत आहेत.

पहिली, माईक परत आणा, पण जोडीला. लहान डायफ्रामचा (पडद्याचा) कंडेन्सर माईक, मान जिथे पेटीला मिळते त्या जागेपासून २५-३० सेंटिमीटरवर. साउंडहोलकडे रोखू नका, तिथे नुसती भोंगळ हवा येते. खर्ज आणि ताकद पट्टीकडून घ्या. माईकला २५०-३०० हर्ट्झच्या खाली कापून टाका आणि फक्त वरची झिलई घ्या. माईकवर खर्जाचं ओझं नसलं की तो शिट्टीही बराच उशिरा मारतो. एक खाचखळगा सांगून ठेवतो: आवाजाला ३० सेंटिमीटर यायला ०.९ मिलिसेकंद लागतात, पट्टीचा आवाज मात्र लगेच पोचतो. दोन्ही सारख्या मापाने मिसळले तर ५७० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. डिजिटल मिक्सर असेल तर पट्टीच्या चॅनेलला तेवढाच उशीर द्या. नसेल तर वाजवत माईक थोडा पुढेमागे करा, पोकळपणा भरून येतो ती जागा कानाला कळते.

दुसरी वाट इम्पल्स रिस्पॉन्सची. शांत खोलीत तुमचीच गिटार एकाच वेळी पट्टीतून आणि चांगल्या माईकमधून रेकॉर्ड करायची. दोन्हींतला फरक मोजून त्याची एक छोटी फाइल बनते, आणि पेडल ती फाइल पट्टीच्या आवाजावर चढवतं. फळीने जे केलं असतं ते गणिताने परत केलं जातं. टोनडेक्स्टर हे पेडल माईक लावून तुमच्याच गिटारवरून हे शिकतं. फिशमनच्या ऑरामध्ये आधीच रेकॉर्ड केलेल्या प्रतिमा मिळतात. दुसऱ्याच्या गिटारची फाइल तुमच्या गिटारवर क्वचित जुळते, स्वतःची बनवलेली बरी. आणि ती पूर्ण चढवू नका. मी निम्मी पट्टी, निम्मी फाइल ठेवतो. पूर्ण चढवली की रेकॉर्डिंग वाजवल्यासारखं वाटतं आणि घुमणंही लवकर येतं.

शेवटचं: निर्णय गिटार हातात घेऊन करू नका. हातातली पेटी स्वतः वाजत असते, तिचा आवाज स्पीकरमध्ये मिसळून कान फसतो. दुसऱ्या कोणाला वाजवायला द्या आणि तुम्ही मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहा.

सहातारा

मंडळी, दहा दिवसांनी परत आले. कुठून सुरुवात करू?

सॅडल खरंच आवळून बसलं होतं, पक्कड लागली. बाजूंनी जरा घासून सैल केलं. तळाला शिसं फासून फिरवलं तर बी आणि जी च्या मधोमध काळा पट्टा तसाच राहिला. एक अख्खी दुपार थोडं थोडं घासत होते. तिसऱ्या वेळी तारा चढवल्या आणि बी बाकीच्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली. लाकूडकाम, तुम्हाला मनापासून धन्यवाद. ती तार मी गेले काही दिवस बोट जोरात मारून वाजवत होते, हात दुखायला लागला होता.

१० मेगाओहमचा प्रीअँप एका वादक मित्राकडून आठवडाभर मागून घेतला. दीड मीटरची केबल, प्रीअँप पायाशी. पहिल्यांदा डी सोडली तेव्हा मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, ती वळून बघायला लागली. पिकअप तोच, गिटार तीच!

"ऊऽऽ" करून बघितलं. माझी पेटी जी शार्पवर उत्तर देते, १०४ हर्ट्झ. तिथे नॉच लावला. क्वॅक मला २.१ किलोहर्ट्झवर सापडला, ४ डेसिबल काढले. मग मैत्रिणीला तीन सोपे कॉर्ड शिकवून वाजवायला बसवलं आणि मी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले. नऊ वर्षांत माझी गिटार मी समोरून ऐकलीच नव्हती. मला वाटायचं त्यापेक्षा ती बरीच उजळ आहे. मी आजवर जो आवाज परत मागत होते तो वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून ऐकू येणारा होता, ऐकणाऱ्यांचा नव्हता. मग १० किलोहर्ट्झच्या वर जे कापून ठेवलं होतं ते परत सोडलं.

माईक जोडीला लावून बघितला. आमचा मिक्सर डिजिटल नाही, म्हणून पुढेमागे करूनच जागा शोधली. साधारण २२ सेंटिमीटरवर बसला. अगदी थोडा मिसळलाय, बंद केल्यावरच कळतं की होता. इम्पल्स रिस्पॉन्सचं पुढे कधीतरी, आत्ता घाई नाही.

पिकअप बदलत नाहीये. प्रीअँप मित्राला परत द्यायचा आहे, तसाच एक माझा घेते.

एक राहिलं. डी जोरात वाजली की आतून बारीक टरटर येते. आरशाने बघितलं, पट्टीपासून जॅकपर्यंतची वायर मोकळी लोंबतेय आणि फळीला लागतेय. टेपने फळीला चिकटवून टाकू का?

लाकूडकाम

फळीला नको. टेप काही दिवसांत सुटते, आणि फळीवर काहीही चिकटवायचं नाही. बाजूच्या भिंतीला, जॅकच्या बाजूने, चिकट पाठीची छोटी केबल क्लिप लावा आणि वायर तिच्यातून न्या. पट्टीच्या तोंडाशी वायरला थोडा सैलपणा ठेवा, ताणली तर पट्टी खाचेतून एका बाजूने उचलली जाते आणि बी परत दबेल.

सहातारा

क्लिप लावली. टरटर गेली.